गाडी लागते का?

मी भूलतज्ज्ञ आहे. माणसाला झोपवायचं, शस्त्रक्रिया होईपर्यंत सांभाळायचं आणि पुन्हा उठवायचं, हे काम तीस वर्षं करते आहे. रुग्णाला सर्जनचं नाव जन्मभर आठवतं, आमचा चेहराही आठवत नाही. त्यामुळे आमच्या चुकाही कुणाला आठवत नाहीत. त्या आपल्या आपणच आठवायच्या असतात. ही त्यातली एक.

2006 साल असेल. सकाळची पहिली केस पित्ताशयातल्या खड्यांची, दुर्बिणीतून करायची. रुग्ण म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई, वय पन्नाशीच्या अलीकडे. आदल्या संध्याकाळी मी त्यांची तपासणी केली होती. रक्तदाब, साखर, दमा, कवळी आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी, आधी कधी भूल घेतली का. फॉर्म भरला, सही घेतली, निघाले. दुसऱ्या दिवशी ट्रॉलीवरून त्या आत आल्या तेव्हा दोन्ही मनगटांवर करड्या रंगाचे, ताणले जाणारे विणलेले पट्टे होते. प्रत्येकाला आतल्या बाजूने अर्ध्या चण्याएवढं पांढरं प्लास्टिकचं बटण.

हा प्रकार मला ऐकून माहीत होता. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून कोपराच्या दिशेने स्वतःचीच तीन बोटं मोजायची. तिथे दोन कंडरांच्या मध्ये चिनी वैद्यकातला एक बिंदू आहे. त्याचं नाव नेइग्वान, इंग्रजी पुस्तकांत पी-सहा. तिथे सुई टोचली किंवा नुसतं दाबलं तरी मळमळ थांबते, असं म्हणतात. पट्ट्यावरचं बटण तेच दाबण्यासाठी.

"हे काय घातलंय?" मी विचारलं.

"मुलगा बोटीवर असतो मॅडम, त्यानं आणून दिलेत. गावाला जाताना घालते, बरं असतं. राहू देत ना."

"इथे कुठे गावाला जायचंय तुम्हाला?" मी म्हणाले.

थिएटरमध्ये हशा पिकला. सिस्टर हसल्या, मामा हसले. बाईही हसल्या. टेबलावर आडवा झालेला, अंगात फक्त हिरवा गाऊन असलेला माणूस डॉक्टरच्या विनोदाला जसा हसतो, तशा. एक पट्टा मी ओढून काढला. दुसऱ्यावरून सलाईनची चिकटपट्टी गेली होती, म्हणून तो कात्रीने कापला. दोन्ही कचऱ्यात गेले.

त्याच मनगटांवर हिरव्या बांगड्या होत्या. त्या मी काढायला लावल्या नाहीत. आमच्याकडची रीतच होती ती. सवाष्ण बाईच्या बांगड्या गॉझ गुंडाळून चिकटपट्टीने बसवायच्या, मंगळसूत्र फारच आग्रह असेल तर कापसात. म्हणजे थिएटरच्या शिस्तीचा प्रश्न नव्हता. बांगड्या माझ्या ज्ञानाला आव्हान देत नव्हत्या, म्हणून त्या राहिल्या. पट्टा देत होता, म्हणून तो कापला गेला. हे आज लिहिता येतं. त्या दिवशी मला वाटलं होतं, मी विज्ञानाची बाजू राखते आहे.

शस्त्रक्रिया सुरळीत झाली. शेवटी मी उलटी होऊ नये म्हणून ऑन्डान्सेट्रॉनचं 4 मिलीग्रॅमचं इंजेक्शन दिलं, जसं तेव्हा सगळ्यांना सरसकट देत होते. बाई छान उठल्या. संध्याकाळपासून मात्र त्यांना उलट्या लागल्या. पोटात काही नाही, तरी उमासे. रात्रीच्या सिस्टरने दोनदा फोन केला, मी फोनवरूनच औषध सांगितलं. सकाळी राउंडला गेले तर उशाशी किडनी ट्रे, ओठ सुकलेले, पोटावरच्या चार टाक्यांवर दोन्ही हात दाबून धरलेले. उमासा आला की त्या टाके सांभाळायच्या, उमासा गेला की श्वास सांभाळायच्या. मला म्हणाल्या, "बाळंतपण परवडलं मॅडम, हे नको."

मी म्हणाले, "भुलेनं होतं कुणाकुणाला. एका दिवसाचा त्रास असतो."

त्या एक दिवस उशिरा घरी गेल्या. पुन्हा कधी भेटल्या नाहीत.

'एका दिवसाचा त्रास' हे आमच्या धंद्यातलं जुनं समाधान आहे. दर शंभर शस्त्रक्रियांमागे सुमारे तीस जणांना नंतर मळमळ किंवा उलटी होते. जोखीम जास्त असलेल्यांत हा आकडा ऐंशीपर्यंत जातो. कुणी मरत नाही, म्हणून आम्हाला तो किरकोळ वाटतो. 1999 मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रियेला निघालेल्या रुग्णांना विचारलं होतं, भुलेनंतर सर्वांत नको असलेली गोष्ट कोणती? त्यांनी उलटीला पहिलं स्थान दिलं, दुखण्याच्याही वर. हा अभ्यास मी व्याख्यानांत सांगत असे. सांगत असे आणि फोनवरून औषध लिहून देत असे.

आता माझा पूर्वग्रह कुठून आला ते सांगते, सबब म्हणून नव्हे.

मी सोलापूरची. शाळेत डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर निबंध लिहून बक्षीस मिळवलेली मुलगी. 1938 मध्ये भारताचं वैद्यकीय पथक चीनला गेलं, त्यात आमच्या गावचे कोटणीस होते, 1942 मध्ये तिकडेच गेले, हे मला तोंडपाठ होतं. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि 1959 च्या सुमाराला त्यांनी ते भारतात आणलं, हे मात्र मला पुष्कळ उशिरा कळलं. कळलं तेव्हा गंमत वाटली, आदर वाटला नाही. कोटणीस आमचे, सुया त्यांच्या.

एमडीला असताना आमचे एक सर सांगायचे, "चीनमध्ये सुया टोचून पोट फाडतात म्हणे, आपण उगाच परीक्षा देतोय." त्यावर आम्ही खूप हसायचो. या दंतकथेच्या मुळाशी जेम्स रेस्टन नावाचे अमेरिकी पत्रकार आहेत. 1971 मध्ये पेकिंगला असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. ते त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिलं आणि जगभर बोभाटा झाला की अमेरिकी माणसाचं पोट सुयांवर कापलं. प्रत्यक्षात त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं की शस्त्रक्रियेला नेहमीची बधिर करणारी इंजेक्शनं दिली होती. सुया टोचल्या त्या नंतर, पोट फुगून अस्वस्थ वाटू लागलं तेव्हा. मूळ लेख ना भक्तांनी वाचला, ना आम्ही हसणाऱ्यांनी. ज्या गोष्टीवर हसायचं ती वाचायची गरज नसते, असा आमचा समज.

शिवाय आजूबाजूला हसण्याजोगं पुष्कळ होतं. बसस्थानकाबाहेरच्या पाट्यांवर एकाच सुईने गुडघेदुखी, मधुमेह, वंध्यत्व आणि दारू, चारही सुटत होती. असल्या ठिकाणी महिने घालवून उशिरा आमच्याकडे आलेले रुग्ण मी पाहिले होते. तो राग खरा होता, आजही आहे. पण राग खरा असला म्हणून त्याच्या आडोशाने चालणारा आळस खरा ठरत नाही.

माझ्या व्याख्यानात एक स्लाइड होती. विषय 'शस्त्रक्रियेनंतरची मळमळ व उलटी'. सगळी औषधं, मात्रा आणि संदर्भ झाले की शेवटी एका माणसाचं व्यंगचित्र यायचं, अंगभर सुया, साळिंदरासारखा. "आणि हेही एक शास्त्र आहे," असं मी म्हणायचे. सभागृह हमखास हसायचं. सहा-सात वर्षं ती स्लाइड चालली. एकाही विद्यार्थ्याने विचारलं नाही की मॅडम, यावर अभ्यास झालेत का? मीच त्यांना न विचारायला शिकवलं होतं.

मग 2012 उजाडलं.

त्या वर्षी आमच्या जगात मोठी पडझड झाली. योशिताका फुजी नावाचे जपानी भूलतज्ज्ञ. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्या हाच त्यांचा विषय, ग्रॅनिसेट्रॉन हे त्यांचं आवडतं औषध, आणि शोधनिबंधांचा नुसता पाऊस. जपानच्या भूलशास्त्र संघटनेने चौकशी केली, तेव्हा 172 निबंधांतली माहिती बनावट निघाली. त्यांतल्या कित्येक निबंधांतले रुग्ण कधी अस्तित्वातच नव्हते. जर्मनीतल्या संशोधकांनी 2000 मध्येच पत्र लिहून इशारा दिला होता की हे आकडे संशय यावा इतके गोंडस आहेत. ते पत्र छापलंही गेलं. पुढची बारा वर्षं कुणी मनावर घेतलं नाही.

बातमी वाचली त्या रात्री मी व्याख्यानाची फाइल उघडली. माझ्या संदर्भसूचीत फुजींचे चार निबंध होते. चारही मी छातीठोकपणे सांगितलेले, त्यांवर परीक्षेत प्रश्न काढलेले. मी ते एकेक करून काढून टाकले. चार ओळी गेल्या, खाली रिकामी जागा राहिली आणि पुढची स्लाइड आली, साळिंदराची.

मी बराच वेळ त्या दोन स्लाइडकडे पाहत होते. एकीकडे माझ्या बाजूचा माणूस. डॉक्टर, प्राध्यापक, आकडे, आलेख, सगळं नीटनेटकं आणि सगळं खोटं. त्याला मी एकही प्रश्न विचारला नव्हता, कारण त्याच्या अंगात माझ्यासारखाच कोट होता. दुसरीकडे हा सुयांचा माणूस. त्यालाही मी एकही प्रश्न विचारला नव्हता, कारण त्याच्या अंगात तो कोट नव्हता. म्हणजे पुरावा मी कुणाकडेच मागितला नव्हता. मी फक्त कपडे पाहत होते. ज्याला मी इतकी वर्षं शास्त्रीय वृत्ती म्हणत होते ती शास्त्रीय नव्हती, ती जात होती.

हे वाक्य लिहायला मला अवघड गेलं. पण त्याहून सौम्य शब्द खरा वाटत नाही.

त्यानंतर मी वाचायला बसले, तेही खुल्या मनाने नव्हे. फुजींनी आपली लाज घालवली, आता निदान या सुयांचं पितळ तरी नीट उघडं पाडू, असा काहीसा भाव होता. पहिल्याच तासात एक ओळखीचं नाव समोर आलं आणि मी खुर्चीत सरळ झाले. जॉन डंडी.

डंडी हे बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले भूलशास्त्राचे प्राध्यापक. थायोपेंटोन, म्हणजे ज्या औषधाने आमच्या पिढीने हजारो माणसांना झोपवलं, त्यावर 1956 मध्ये ग्रंथ लिहिणारे. एमडीला असताना त्यांचं नाव आम्ही अदबीने घ्यायचो. हेच डंडी चीनला गेले असताना त्यांनी पाहिलं की गरोदर बायकांना सकाळच्या मळमळीवर मनगटाचा हा बिंदू दाबायला सांगतात. आपण हसलो असतो. ते परत आले आणि त्यांनी प्रयोग मांडला. किरकोळ शस्त्रक्रियांसाठी येणाऱ्या बायका, भुलेआधी अफूजन्य औषध, काहींना या बिंदूवर सुई, काहींना नाही. पुढे काहींना कोपराजवळ, भलत्याच जागी सुई. 1986 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा निबंध आला. शीर्षकाला शेवटी प्रश्नचिन्ह होतं. नेइग्वानवर सुई टोचलेल्यांना त्रास कमी झाला होता.

नुसत्या एवढ्याने मी बधले नसते. बधले ते त्यांच्या दुसऱ्या प्रयोगाने. त्यांनी त्या बिंदूवर आधी लिग्नोकेन टोचलं, जागा बधिर केली आणि मग सुई लावली. परिणाम नाहीसा झाला. हा युक्तिवाद माझ्या मातृभाषेतला होता. जागा बधिर केल्यावर परिणाम जात असेल तर वाट मज्जातंतूची आहे, मग बिंदूचं नाव काहीही असो. त्याच जागी, त्या दोन कंडरांच्या मध्ये, थोडा खोल मीडियन मज्जातंतू जातो. हे मला विसाव्या वर्षापासून ठाऊक होतं. तिथे बधिर करण्यासाठी मी शेकडो वेळा सुई घातली होती. चिन्यांच्या दरवाजाशी मी रोज जात होते, फक्त माझी पाटी वेगळी होती.

मग पुढचं वाचत गेले. 1996 मध्ये ब्रिटनच्या अँड्र्यू व्हिकर्स यांनी 33 अभ्यास एकत्र तपासले. रुग्ण भुलेखाली गेल्यावर सुई लावलेल्या चार अभ्यासांत काहीच फायदा नव्हता. उरलेल्या 29 पैकी 27 अभ्यासांत होता. पुढे कोक्रेन या संस्थेचे आढावे आले. त्यातल्या 2015 च्या आढाव्यात 59 अभ्यास आणि 7,667 रुग्ण आहेत. खोट्या उपचाराच्या तुलनेत मळमळ सुमारे एक तृतीयांशाने कमी, उलटी सुमारे 40 टक्क्यांनी कमी. साध्या हिशेबात सांगायचं तर जिथे शंभरात तीस जणांना उलटी झाली असती तिथे अठरा जणांना होईल. नेहमीच्या औषधांशी थेट तुलना केली, तर दोघांत लक्षात येण्याजोगा फरक नाही.

वाचकाला मी बरोबरीचा मानते, म्हणून दुसरी बाजूही इथेच सांगते. याच आढाव्याने खोट्या उपचाराशी केलेल्या तुलनेचा पुरावा कमी दर्जाचा ठरवला आहे. पुष्कळ अभ्यासांची रचना ढिसाळ आहे. सुई टोचणाऱ्याला आपण खरी टोचतोय की खोटी हे कळतंच. ते त्याच्या चेहऱ्यावरून रुग्णाला कळत नसेल कशावरून? त्याच व्हिकर्स यांनी 1998 मध्ये दाखवलं की त्यांनी गोळा केलेल्या अभ्यासांपैकी चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधून आलेला ॲक्युपंक्चरचा प्रत्येक अभ्यास अनुकूल होता. प्रत्येक! जिथे कुणी कधी नापास होत नाही त्या शाळेच्या निकालावर आपण विश्वास ठेवतो का? शुद्धीत असताना सुई लावायची की भुलेखाली, यावरही पुढचे अभ्यास एकमेकांशी भांडतात. आणि शरीरातून ऊर्जा वाहते, तिचे अमुक इतके मार्ग आहेत, हे मला आजही पटत नाही. सुई मला मान्य आहे, नकाशा मान्य नाही.

पण 'पुरावा कच्चा आहे' आणि 'पुरावा नाही' यांत जे अंतर असतं, तिथे माझी सहा-सात वर्षं साळिंदर उभं होतं.

वाचताना एक अभ्यास असा सापडला की मला उठून थिएटरमध्ये जावं लागलं. स्नायू सैल करण्याचं औषध किती उतरलं हे पाहायला आम्ही नर्व्ह स्टिम्युलेटर वापरतो. मनगटावर दोन इलेक्ट्रोड चिकटवायचे, बारीक वीजप्रवाह द्यायचा, अंगठा किती हलतो ते पाहायचं. ते करंगळीच्या बाजूच्या अल्नर मज्जातंतूवर लावायची पद्धत आहे. 2007 मध्ये एका गटाने 220 बायकांवर प्रयोग केला. दुर्बिणीतल्या शस्त्रक्रिया, तेच यंत्र, तेच इलेक्ट्रोड. निम्म्या जणींना नेहमीच्या जागी, निम्म्या जणींना दोन बोटं बाजूला सरकवून मीडियनवर, म्हणजे नेइग्वानवर. पहिल्या चोवीस तासांत नेहमीच्या गटात 61 टक्के जणींना त्रास झाला, सरकवलेल्या गटात 45 टक्के जणींना. फरक मळमळीत होता, उलट्यांत नव्हता. सुई नाही, चिनी वैद्य नाही, जास्तीचा एक रुपया नाही. फक्त इलेक्ट्रोडची जागा बदललेली.

संध्याकाळी यादी संपली होती. मामा फरशी पुसत होते. मी टेबलाच्या कडेवर बसले, बाही वर केली, मनगटाच्या घडीपासून तीन बोटं मोजली आणि इलेक्ट्रोड चिकटवले. बटण दाबलं. अंगठा आत वळला, मधल्या बोटापर्यंत झिणझिण्या गेल्या. मामांनी विचारलं, "मॅडम, मशीन बिघडलंय काय?" मी म्हणाले, "नाही, मशीन बरोबर आहे."

एवढं होऊनही मला ती बाई आठवली नव्हती. हे कबूल करायला हवं. मी पुराव्यांत इतकी रमले होते की ज्याचं मनगट कापलं (पट्टाच, पण आता मला तसंच वाटतं) तो माणूस कुठेच नव्हता. ती आठवली दोन आठवड्यांनी, अगदी साध्या कारणाने.

मी व्याख्यान नव्याने लिहीत होते. साळिंदराच्या जागी खरी स्लाइड आली होती. त्याआधी आपफेल यांची चार प्रश्नांची मोजपट्टी होती, 1999 सालची, जी मी तेव्हाही शिकवायचे. रुग्ण बाई आहे का? धूम्रपान न करणारी आहे का? नंतर अफूजन्य वेदनाशामक लागणार आहे का? आणि चौथा, पूर्वी भुलेनंतर उलट्या झाल्या होत्या का किंवा प्रवासात मळमळतं का? एकही 'हो' नसेल तर जोखीम दहा टक्के. मग एकेका 'हो'ला वीस, चाळीस, साठ, ऐंशी. माझ्या मनात आलं, हे प्रश्न आमची मुलं रुग्णांना इंग्रजाळलेल्या मराठीत विचारतात आणि रुग्ण नुसती मान हलवतात. म्हणून मी चारही प्रश्न साध्या भाषेत लिहायला घेतले. चौथ्यापाशी आले आणि आमच्या घरात बोलतात तसं लिहिलं, 'गाडी लागते का?'

लिहिलं आणि हात थांबला.

*गावाला जाताना घालते, बरं असतं.*

त्यांनी उत्तर दिलं होतं. मी प्रश्नच विचारला नव्हता, तरी त्यांनी उत्तर दिलं होतं. आदल्या संध्याकाळी कवळीपासून दम्यापर्यंत सगळं विचारणाऱ्या मला जे विचारायचं सुचलं नाही, ते ती बाई दोन्ही मनगटांवर बांधून आली होती. मला गाडी लागते. चौथं 'हो'. साठचे ऐंशी. पट्टा कामाचा होता की नव्हता हा वाद बाजूला ठेवा. तो पट्टा उपचार नसेलही, पण तो इतिहास होता, आमच्या फॉर्ममध्ये ज्याला रकाना असतो तसा. आणि तो मी कात्रीने कापून कचऱ्यात टाकला, वर विनोदही केला.

पट्टा ठेवला असता तर त्यांच्या उलट्या थांबल्या असत्या, असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला मला आधार नाही. मी म्हणते ते वेगळं आहे आणि मला जास्त बोचतं. मी ते वाक्य नीट ऐकलं असतं तर माझ्याच शास्त्राने मला सांगितलं असतं की एक इंजेक्शन पुरणार नाही. डेक्सामेथासोन सोबत दे, भुलेची पद्धत बदल, अफूजन्य औषध जमेल तितकं कमी कर, रात्री स्वतः जाऊन बघ. खरं तर तीन 'हो' मला दिसतच होते, तेवढ्यावरही हे करायला हवं होतं. चौथ्याने मी जागी झाले असते. सुयांचा तिरस्कार केल्याने मी सुयांना मुकले, हे फार झालं नाही. त्या तिरस्काराच्या भरात मी माझ्या स्वतःच्या विद्येला मुकले. पूर्वग्रह दुसऱ्याचं शास्त्र नाकारतो असं आपण समजतो. तो आधी आपले कान बंद करतो.

ती रात्र मी नीट झोपले नाही. त्यांचं नाव आठवायचा प्रयत्न केला, आठवलं नाही. आठवली ती मनगटावरची खूण. कापल्यावर बटणाच्या जागी कातडीवर एक गोल, फिकट खळगा राहिला होता. भूल चढेपर्यंत तो भरून आला.

आता मी काय करते? फार काही नाही. ॲक्युपंक्चर शिकले नाही. महाराष्ट्रात त्यासाठी आता स्वतंत्र कायदा आहे, पण कायद्याने माझं मत बदललेलं नाही आणि बसस्थानकाबाहेरच्या पाट्यांवरही माझा विश्वास बसलेला नाही. ज्यांची जोखीम जास्त त्यांना दोन-तीन औषधं आधीच देते. स्टिम्युलेटर लावायचाच असेल तर इलेक्ट्रोड दोन बोटं सरकवते. कुणी पट्टा घालून आलं तर राहू देते, सलाईन दुसरीकडे लावते. रुग्णाने विचारलं तर सांगते, "याचा थोडा उपयोग होतो असं दिसतं, कसा ते पक्कं कळलेलं नाही, आणि माझी औषधं मी देणारच आहे." 2020 मधल्या आमच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही या बिंदूला औषधांच्या जोडीने जागा मिळाली आहे. विद्यार्थ्यांना ते दाखवते तेव्हा आधी साळिंदराची स्लाइड दाखवते आणि ती कुणी केली होती तेही सांगते. ते हसतात, मग हसायचं थांबतात.

खरा बदल एवढाच आहे की आदल्या संध्याकाळच्या तपासणीत मी खुर्ची ओढून बसते आणि तो एक प्रश्न विचारते. लोकांना तो आवडतो. साखर, रक्तदाब याला एका शब्दात उत्तर देणारी माणसं यावर खुलून बोलतात. कुणी आंबेनळी घाटातली वळणं सांगतं, कुणी लग्नाच्या वऱ्हाडात नवरीच कशी ओकली ते सांगतं. कुणाच्या पिशवीत लिंबू असतं, कुणाच्या आलेपाक.

परवा एक आजी होत्या, गर्भाशयाची शस्त्रक्रिया.

"गाडी लागते का आजी?"

"एष्टी लागत न्हाई. वडाप लागतंय."

मी कागदावर 'हो' लिहिलं.

"पर हे कशाला इचारतीयास?"

"उद्या थोडा प्रवास आहे," मी म्हणाले.

आजींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मग मला खिडकीपाशी बसीव," म्हणाल्या.